काठावर पास

परीक्षेत काठावर पास झालो तरी आपण पेढे वाटतो. रक्तदाबाचा काठ मात्र निराळा. वरचा आकडा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९, म्हणजे रोग नव्हे. पण इशारा खराच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ वर्षांवरील ३९ टक्के स्त्रिया व ४९ टक्के पुरुष या काठावर आढळले.

गावच्या शिबिरात आबांचा रक्तदाब १३४/८६ भरला. “दुखत तर काहीच न्हाई,” म्हणत ते शेतावर गेले. न दुखणे हाच खरा धोका!

आमच्या घरात तो कागद वाचणारा मी पहिलाच. ठेच्यातले मीठ कमी कर म्हणालो, तर आई म्हणाली, “शिकलास म्हणून मीठबी मोजणार व्हय?”

होय, मोजणार. नाहीतर शिकलो कशाला?