मोत्याचे पथ्य

या आठवड्याचा विषय वाचून काही जण हसतील. हसा, पण पान उलटू नका. आमच्या घरचा मोत्या मागे पाच दिवस पोटाने आजारी होता. त्या पाच दिवसांत आम्ही जे शिकलो ते या सदरात लिहावे, असे मुलांच्या आईनेच सुचवले. "दरवेळी दाखले नि शिष्यवृत्तीचे फॉर्म लिहिता, एकदा हेही लिहा. वस्तीत घरटी एक कुत्रं आहे," असे तिचे म्हणणे. ते आम्हाला पटले.

मोत्या काही जातिवंत कुत्रा नव्हे. (हा शब्द आम्हाला मुळातच रुचत नाही, पण कुत्र्यांच्या व्यवहारात तो चालतो.) मुधोळ आणि कारवान ही नावे जत-आटपाडीकडच्या मंडळींच्या तोंडी असतात. मुधोळ कुत्र्याचे तर 2005 साली टपाल तिकीटही निघाले. आमचा मोत्या म्हणजे कऱ्हाडात एका पावसाळ्यात गटाराकडेला कुडकुडत सापडलेले गावठी पिल्लू. आता तो चार वर्षांचा आहे, वजन पंधरा किलो.

वस्तीत लग्न होते. मटणाचा रस्सा चांगला झाला होता आणि उरलाही होता. जेवणे आटोपल्यावर पोरांनी पत्रावळीतली हाडे आणि रस्सा मोत्यापुढे ओतला. आपल्या सातारा-सांगलीचा रस्सा म्हणजे कांदा-लसूण चटणीचा, वर बोटभर तवंग. माणसाच्याही डोळ्यांतून पाणी काढणारा. मोत्याने पातेले चाटूनपुसून साफ केले. पहाटे तीन वाजता तो दाराला नखे घासू लागला. उजाडेपर्यंत चार वेळा पातळ परसाकडे आणि दोन उलट्या झाल्या.

सकाळी उंबऱ्यात वस्तीची बैठकच भरली. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "दह्यात भात कालवून घाल की, सांजच्याला पळायला लागंल." आमच्या आईने जायफळ उगाळायला घेतले, कारण आम्हा सगळ्या भावंडांची पोटे तिने जायफळावरच थांबवली होती. आप्पा म्हणाले, "काय करू नगा, कुत्र्याची जात हाय, गवत खाऊन बरं हुतंय." आम्ही मात्र कपडे चढवून कचेरीत उशीर होईल असा निरोप धाडला आणि मोत्याला रिक्षात घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला.

एवढी घाई का, ते सांगितले पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडे सोन्या नावाचे पिल्लू होते, अडीच महिन्यांचे. त्यालाही असेच झाले. आम्ही दही-भात घातला, दुसऱ्या दिवशी हळदीचे दूध पाजले. 'उद्या बघू' असे आम्हीच म्हणालो. तिसऱ्या दिवशी परसाकडेतून रक्त पडू लागले तेव्हा त्याला पिशवीत घालून नेले. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी वर करून पाहिली आणि म्हणाले, "पार्वो आहे. काल आणला असता तर सलाईन लावून प्रयत्न केला असता." थोरली मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिने आठवडाभर आमच्याशी धड बोलणे टाळले. चूक आमचीच होती. त्या चुकीत पैशांचा प्रश्न थोडाच होता, जास्त होता तो आमचा आळस.

पार्वो हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. त्याआधी कुत्र्यांत तो कोणाला ठाऊक नव्हता. तो पिल्लांच्या आतड्याचे अस्तर झडवतो आणि पिल्लू पाणी व रक्त जाऊन मरते. अंगणातल्या मातीत तो कित्येक महिने टिकून राहतो, म्हणून एक पिल्लू गेले की दुसरे लगेच त्याच जागी आणू नये. माणसाला तो होत नाही. त्यावर लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत पुढच्या लसी. तेव्हा ज्यांच्या घरी लस न टोचलेले पिल्लू आहे त्यांनी पुढचा भाग वाचून भात शिजवत बसू नये. आधी दवाखाना.

मोत्याकडे परत येतो. आमची कारकुनी सवय या वेळी कामी आली. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आम्ही किती वाजता परसाकडे, किती वाजता उलटी, पाणी प्याला की नाही, असे सगळे टिपून ठेवले होते. डॉक्टर तो कागद वाचून म्हणाले, "असा हिशेब आणणारे पहिलेच." त्यांनी मोत्याची हिरडी बोटाने दाबून सोडली. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली, ती लगेच खाली बसली. म्हणजे अंगातले पाणी अजून शाबूत होते. ताप 102 भरला, तो कुत्र्याला चालतो. त्याचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते. रक्त नव्हते, पोट फुगलेले नव्हते, शेपूट हलत होती. उलटी थांबायचे एक इंजेक्शन दिले आणि म्हणाले, "औषध थोडे, पथ्य जास्त. घरीच करा."

आता ते पथ्य. तांदूळ जुना असला तर उत्तम, रेशनचा असला तरी चालतो. एक वाटी तांदळाला चार वाट्या पाणी घालून भात अगदी आसट शिजवायचा, बोटाने चेपला तर लगदा व्हावा इतका. मीठ नाही, तेल नाही, हळद-जिरे काही नाही. कोंबडीचे बिनहाडाचे मांस कातडे काढून नुसत्या पाण्यात उकडायचे. पाणी गार झाले की वर चरबीची साय धरते, ती काढून टाकायची. मांस बोटांनी तंतू तंतू मोकळे करायचे आणि दोन वाट्या भाताला एक वाटी मांस असे कालवायचे. उरलेले पाणी भातात थोडे घातले तर वासाने कुत्रे तोंड लावते. कोमट द्यायचे, गरम नको.

भातच का, असे आम्ही विचारले, कारण मोत्याचे रोजचे खाणे म्हणजे ज्वारीची भाकरी. डॉक्टर म्हणाले, भाकरीतला कोंडा दुखऱ्या आतड्याला जड जातो. मऊ भात लवकर पचतो आणि मागे फारसा चोथा ठेवत नाही. तेल-तुपाने पोट रिकामे व्हायला वेळ लागतो आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. मोत्याचे दुखणे बहुधा तवंगातूनच आले होते.

खायला घालण्याची रीतही महत्त्वाची. एकदम ताटभर घातले की पुन्हा उलटी. पहिल्या दिवशी उलटी थांबून काही तास गेल्यावर मूठभर, ते टिकले की तीन तासांनी पुन्हा. दुसऱ्या दिवसापासून वाटी-वाटी, दिवसातून चार-पाच वेळा. पूर्वी दिवसभर उपाशी ठेवा म्हणत, आता इतका लांब उपास सांगत नाहीत. पिल्लाला तर उपाशी ठेवूच नये. पाणी मात्र सतत ठेवायचे, थोडे थोडे. घटाघटा पिऊन ओकत असेल तर दर थोड्या वेळाने वाटीत चार घोट. तिसऱ्या दिवशी मोत्याची परसाकडे घट्ट झाली. त्यानंतर लगेच भाकरीवर उडी मारायची नाही. चौथ्या दिवशी पथ्याच्या भातात चतकोर भाकरी कुस्करली, पुढच्या दिवशी निम्मी. आठवड्याच्या वर हे पथ्य चालवू नये, कारण त्यात कॅल्शियम वगैरे पुरेसे नसते.

लाल भोपळ्याची फोड नुसती उकडून तिचा चमचाभर लगदाही आम्ही कालवत होतो. दह्याचे म्हणाल तर आक्कांचे अगदीच चूक नव्हते. बिनसाखरेचे चमचा-दोन चमचे दही काही कुत्र्यांना सोसते. दूध मात्र नको, वाढलेल्या कुत्र्याला ते बहुधा पचत नाही आणि जुलाब वाढतात. आणि जायफळ अजिबात नको. जे आमच्या पोटाला उतारा होते ते कुत्र्याला बाधते. आईला हे पटवायला आम्हाला दोन दिवस लागले. अजून पुरते पटले आहे असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाव किलो कोंबडी आणली तेव्हा कोपऱ्यावर बसलेल्यांपैकी एकाने ऐकवले, "माणसाला रविवारी मिळंना, आन् ह्यांच्या कुत्र्याला कोंबडी." बोलणे झोंबले. खोटेही नव्हते. आमच्या लहानपणी घरात कोंबडी शिजायची ती पाहुणा आला तर. पण जमाखर्च मांडला तर पाव किलो दोन दिवस पुरली, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही उकडलेल्या अंड्यावर आलो. अंडे पूर्ण उकडून कुस्करून भातात कालवले तरी काम भागते. कोंबडी हवीच असे नाही. मोत्या रात्री वस्तीच्या तोंडाशी बसतो, त्याच्या भुंकण्याने एकदा चोर पळाला हे त्याच कोपऱ्यावर सांगितले जाते. आम्ही काही बोललो नाही.

डॉक्टरांनी खरी तंबी दिली ती कांदा-लसणाची. कांदा कच्चा असो, शिजलेला असो की चटणीत वाळवून कुटलेला, त्यातल्या द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तावर परिणाम दिसतो. पंधरा किलोच्या मोत्याला दोन-तीन मोठे कांदे पुरेत, आणि वाळलेल्या मसाल्यात तर कांदा आटून आलेला असतो. लसूण त्याहून जहाल. हे लगेच कळत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर होते, कुत्रे धापा टाकते. म्हणून आम्ही पाचही दिवस मोत्याची हिरडी रोज पाहत होतो. शिजवलेली कोंबडीची हाडेही देऊ नयेत, ती काटक्यांसारखी फुटून आतड्यात रुततात.

आता तासगावची गोष्ट. मुलांच्या आईचे माहेर तासगाव तालुक्यातले. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षे वाळत पसरलेली असतात. सुमारे चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. मेव्हणा अशाच एका शेडवर राखणीला असतो आणि त्याचा कुत्रा खाली सांडलेले मणी टिपत फिरतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितले की द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत. आधी उलट्या, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद. काही कुत्र्यांना काही होत नाही, काही थोड्याशा बेदाण्यांनीही दगावतात. असे का, हे बरीच वर्षे कोडे होते. 2021 साली अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. ते द्राक्षात भरपूर असते आणि जातीनुसार व पिकण्यानुसार कमी-जास्त होते. तेच आम्ल चिंचेत असते, आणि चिंच खाऊन मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही 2022 मध्ये प्रसिद्ध झाल्या. म्हणजे आमटी-भात घालायचा तर आमटीतली चिंचही आली. अशा वेळी भाताचे पथ्य करत बसायचे नाही. बेदाणे खाल्ल्याचे दिसताच, उलटी व्हायची वाट न पाहता दवाखाना.

घरात माणसांच्या गोळ्या असतात. तापाची पॅरासिटामॉल, अंगदुखीची आयब्रुफेन, जुलाब थांबवायची गोळी, यांतली एकही अर्धी-पाव करून कुत्र्याला देऊ नये. आयब्रुफेनने पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे जातात. आणखी एक. कुत्र्याची लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. तो पिसाळीचा रोग असू शकतो. त्याची लक्षणे एकदा दिसली की इलाज नाही. पोरांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. कुत्र्याची घाण काढल्यावर हात साबणाने धुवावेत आणि अंगणात पोरांनी अनवाणी फिरू नये. कुत्र्याच्या पोटातले अंकुशकृमी मातीतून माणसाच्या पायात शिरतात. जंताचे औषध मोत्याला त्याच दवाखान्यात मिळाले.

तालुक्याच्या दवाखान्यात निभावले नाही तर आपल्या सातारा जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे. पुणे-सातारा हमरस्त्यावर आहे, एस. टी. ने जाता येते, मात्र कुत्र्याला गाडीत घेतात की नाही ते आधी विचारावे.

सहाव्या दिवशी मोत्याने अख्खी भाकरी खाल्ली आणि आप्पांच्या कोंबडीमागे धावला. आप्पा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, आपूआप बरं हुतंय?" आम्ही हो म्हणालो.

त्याच रात्री मेव्हण्याला फोन लावून बेदाण्याचे सांगितले. तो हसला. "दाजी, चार वर्सं खातंय ते, काय झालं न्हाई." आम्ही वाद घातला नाही, फोन मुलांच्या आईकडे दिला. ती अर्धा तास बोलत होती, सोन्याचेही बोलली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला की शेडच्या कडेने कमरेइतकी जाळी मारली आहे, आणि कुत्रा रात्रभर जाळीबाहेर बसून ओरडतो.