विश्लेषण : बेपत्ता तरुणाचा शोध, की नुसतेच तर्कवितर्क?

एखादा तरुण बेपत्ता झाला की त्याचे छायाचित्र काही तासांत हजारो मोबाइलवर पोहोचते. ते आवश्यकही असते. पण ‘याला कोणी पाहिले का?’ या प्रश्नाची जागा ‘यानेच काही केले असेल का?’ या प्रश्नाने घेतली, की मदतीचा छळ होतो. अमेरिकेतील २०१३ चे प्रकरण हेच सांगते.

काय घडले होते?

प्रॉव्हिडन्स शहरात राहणारा २२ वर्षांचा भारतीय वंशाचा विद्यार्थी १६ मार्च २०१३ रोजी घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. फोन आणि पाकीट घरीच होते. कुटुंबीयांनी त्याच्या शोधासाठी फेसबुकवर पान सुरू केले. महिनाभराने, १५ एप्रिलला बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. तीन दिवसांनी ‘एफबीआय’ने दोन संशयितांची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि ‘रेडिट’वरील हौशी तपासनीसांना त्यातील एक चेहरा या विद्यार्थ्यासारखा वाटला.

अफवा खरी का वाटली?

पोलिसांच्या वायरलेसवर त्याचे नाव ऐकू आल्याचा दावा रात्रीत पसरला. नंतर तपासलेल्या ध्वनिमुद्रणात त्याचा पुरावा सापडला नाही. मात्र तोवर काही पत्रकारांनीही तो मजकूर पुढे पाठवला होता. सकाळी खरे संशयित वेगळेच असल्याचे स्पष्ट झाले.

नुकसान कोणाचे झाले?

त्या रात्री शिव्याशापांचा इतका मारा झाला, की कुटुंबीयांना फेसबुकवरील ते पान काही काळ बंद करावे लागले. म्हणजे ‘शोध’ घेणाऱ्यांनीच शोधाचे साधन बंद पाडले. २२ एप्रिलला ‘रेडिट’ने जाहीर माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी प्रॉव्हिडन्समधील नदीत त्या विद्यार्थ्याचा मृतदेह सापडला. बॉम्बस्फोटाशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

यातून धडा घेतला गेला का?

जून २०२४ मध्ये स्पेनच्या टेनेरीफ बेटावर १९ वर्षांचा ब्रिटिश पर्यटक बेपत्ता झाला, तेव्हा ‘टिकटॉक’वर पुन्हा तेच सुरू झाले. अपहरणापासून कटापर्यंत तर्क लढवले गेले. जवळपास महिनाभराने डोंगराळ भागात मृतदेह सापडला. ब्रिटनमधील न्यायिक चौकशीत २०२५ मध्ये हा अपघाती मृत्यू असल्याचा निष्कर्ष निघाला. हातात माहिती नसताना शांत राहणे अवघड असते, आणि सनसनाटी तर्काला समाजमाध्यमांवर प्रेक्षकही मिळतात. तर्क चुकला तर तो मांडणारा पुढच्या विषयाकडे वळतो. घरच्यांना मात्र त्या आरोपासह जगावे लागते.

मग मदत करायचीच नाही का?

जरूर करावी. व्यक्तीचे छायाचित्र, शेवटचे कोठे व केव्हा दिसली, अंगावरील कपडे आणि पोलिसांचा संपर्क एवढी माहिती पुढे पाठवण्याने उपयोग होतो. मात्र ती पोलिसांकडून किंवा कुटुंबाकडून आली आहे ना, हे आधी पाहावे. काही दिसले वा आठवले तर ते गटावर टाकण्याऐवजी थेट पोलिसांना, गरज पडल्यास ११२ क्रमांकावर कळवावे. प्रेमप्रकरण, कर्ज, व्यसन असे अंदाज बांधू नयेत. व्यक्ती सापडल्यावर जुना संदेश काढून टाकावा.

बेपत्ता व्यक्तीला स्वतःची बाजू मांडता येत नाही. म्हणूनच तिच्याबद्दल काहीही पुढे पाठवण्याआधी एकच गोष्ट विचारावी : याने ती सापडायला मदत होणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो संदेश आपल्याच मोबाइलवर थांबवणे हीसुद्धा मदतच आहे.