नायगावची पत्रे आणि आपले फॉरवर्ड

खंडाळा म्हटले की लोकांना लोणावळ्याजवळचा घाट आठवतो. मी सांगतोय तो सातारा जिल्ह्यातला खंडाळा तालुका. याच तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. दरवर्षी त्या दिवशी तिथे गर्दी होते, भाषणे होतात. तिथून लिहिलेली त्यांची पत्रे मात्र फारशी कोणी उघडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की, फातिमा शेख हे पात्र आपणच रचले. झाले! एकीकडून 'बघा, पडले उघडे', दुसरीकडून शिव्या. माझ्या मोबाइलवर आलेल्या संदेशांत संताप भरपूर होता, पुरावा एकातही नव्हता.

उत्तर नायगावातच होते. ऑक्टोबर १८५६ मध्ये आजारी सावित्रीबाई माहेरी आल्या होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपण नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे त्या लिहितात. हे पत्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. पत्रात फक्त 'फातिमा' आहे, आडनाव नाही. मग ९ जानेवारी या जयंतीच्या तारखेला आधार काय, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? ती तारीख आणि तो फोटो आपणही डोळे मिटून पुढे ढकलत आलो. पुराव्याचा आग्रह फक्त समोरच्याकडे धरणे हा वाद नव्हे, सोय आहे.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. महार-मांगांसाठी काम करता म्हणून भाऊ बहिणीला बोल लावतो. ती त्याच्या तोंडावर मुद्द्याने उत्तर देते. वाद घरातच होतो, पण नावानिशी, समोरासमोर. १८६८ च्या पत्रात तर जमाव आहे. ब्राह्मण मुलगा आणि महार मुलगी यांना जिवे मारायला निघालेल्या गावकऱ्यांपुढे सावित्रीबाई उभ्या राहतात, कायद्याचा धाक दाखवतात आणि दोघांना वाचवतात.

त्याच सातारा जिल्ह्यात १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री पुसेसावळीत काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त झाले, जमाव मशिदीवर चालून गेला, एका तरुणाचा जीव गेला. मग जिल्ह्यातले इंटरनेट बंद झाले. मोबाइलवर पेटलेले मोबाइल बंद करून विझवायचे, एवढाच उपाय उरला. थांबा, आधी खरे-खोटे करू, असे म्हणायला गावात जागाच शिल्लक नव्हती का?

ही जागा आपण सर्वांनी मिळून घालवली. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला, कारण बहुजनांचे म्हणणे छापायला दुसरे पत्र नव्हते. आज पत्रे खूप आहेत, पण तालुक्याच्या वार्ताहराला बातमीबरोबर जाहिरातीही आणाव्या लागतात. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी आणायची, त्यालाच प्रश्न कसा विचारणार? तरीही वर्तमानपत्रात चूक छापली तर खुलासा मागता येतो, वाचकाच्या पत्राखाली नाव-गाव असते. फॉरवर्डला ना नाव, ना गाव, ना खुलासा.

आणि आपले काय? ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते, तिच्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. कब्रस्तानचे कुंपण, मोहल्ल्यातले पाणी, उर्दू शाळेचा शिक्षक, हे प्रश्न आपण तिथे नेतो की नेत्याच्या बैठकखोलीत? किती जमातींच्या बैठकीत आपल्या आया-बहिणी बोलतात? जिथे घरच्या बाईला बोलू देत नाही, तिथे फातिमाचे नाव घेऊन छाती फुगवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

मराठी आपली भाषा आहे, तर तिच्यातला वादही आपला आहे. स्थानिक पत्राला स्वतःच्या नावाने चार ओळी लिहा. ग्रामसभेत हात वर करा, प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. घरातली बाई सभेला निघाली तर वाट अडवू नका. आणि पुढचा फॉरवर्ड ढकलण्याआधी विचारा, हे कोणी लिहिले आणि कशावरून? १८५६ चे ते पत्र आज उत्तर देऊ शकले, कारण कोणीतरी ते लिहिले, जपले आणि छापले. आपण पुढच्यांसाठी काय छापून ठेवतो आहोत?