आजची ड्रॉइंग पॉवर



आमच्या घरी सकाळ उशिरा होते. जाग पहाटेच येते, परंतु सौ.च्या बोटांना व मनगटांना जाग यायला आणखी तास-दीड तास लागतो. तिला आमवात जडून बारा वर्षे झाली. हा वयोमानाने होणाऱ्या झिजेचा संधिवात नव्हे. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या आतील आवरणावर उलटते. औषधांनी रोग आटोक्यात राहतो, मुळापासून जात नाही.

सेवानिवृत्तीनंतर मी मनाशी ठरवले की, हिला आता काहीही करू द्यायचे नाही. कणीक मी मळू लागलो, पाण्याची कळशी मी उचलू लागलो, मंदिरात जायचे तर रिक्षा दारात. नातेवाईक माझे कौतुक करीत व मलाही ते गोड वाटे. दोन वर्षांत अशी अवस्था आली की, हातांचा आधार घेतल्याशिवाय तिला खुर्चीवरून उठता येईना. सामायिकासाठी जमिनीवर बसणे तर केव्हाच सुटले होते. रोग बळावला असे समजून आम्ही नांदेडच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रक्ताचे अहवाल पाहिले, मांड्या दाबून पाहिल्या आणि सांगितले की रोग होता तिथेच आहे. स्नायू मात्र वापराविना क्षीण झाले आहेत. "काळजी जरा जास्तच घेतली गेली," असे ते हसून म्हणाले. तो सल माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग माझ्यातला शाखाधिकारी जागा झाला. उद्दिष्ट ठरवले : रोज दहा हजार पावले! पहाटे तिला घेऊन कृषी विद्यापीठाच्या परिसरात फेऱ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही गुडघे सुजले व पुढचा आठवडा अंथरुणात गेला. दहा हजार या आकड्याचा उगम मला पुढे वाचनात सापडला. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले. 'दहा हजार पावलांचा मापक' असेच त्याचे नाव होते. म्हणजे आकडा आला तो विक्रीच्या सोयीतून, रुग्णाच्या तपासणीतून नव्हे. आयुष्यभर उद्दिष्टे वाटणाऱ्या माणसाने एवढी तरी चौकशी आधी करावयास हवी होती.

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी जे समजावले, ते मी माझ्या भाषेत मांडतो. कॅश क्रेडिट खात्याची मंजूर मर्यादा दहा लाखांची असली, तरी व्यापाऱ्याला उचल मिळते ती मालसाठ्याच्या विवरणपत्रावर. गोदामात माल कमी, तर त्या महिन्याची ड्रॉइंग पॉवर कमी. दीर्घकालीन आजारात शरीराचे असेच आहे. काल किती चाललो, याला आज अर्थ नाही. शिवाय बरे वाटलेल्या दिवशी चार दिवसांची कामे उरकण्याचा मोह होतो, तोच अधिक घातक. गव्हाचे डबे आवरणे, वर्षाचे तिखट करणे हे सारे नेमके त्याच दिवशी निघते!

आरंभ झाला तो खुर्चीपासूनच. उंच बैठकीची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची आणि हातांचा आधार न घेता उठायचे व सावकाश बसायचे. पहिल्या दिवशी दोनदा. उशी ठेवून बैठक उंच केली तेव्हा तेही जमले. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडझाप. घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीनदा चालणे. चालताना बोलता यावे, एवढाच वेग. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांपेक्षा अधिक टिकले, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण घटवायचे. सांधा गरम व सुजलेला असेल त्या दिवशी त्यावर जोर मुळीच नाही. फक्त झेपेल तेवढी हळुवार हालचाल. छातीत दुखले, चक्कर आली वा अवाजवी धाप लागली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठायचे.

खुर्चीचा संकोच सौ.ला फार होता. म्हणून मी तिला पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींविषयी सांगितले. बालपणी मलेरिया, विषमज्वर व क्षय यांनी पोखरलेले ते शरीर. १९३७ मध्ये ते पुण्यास आले आणि पुढे जगभर योगगुरू म्हणून मान्यता पावले. त्यांच्या पद्धतीत खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांना मानाचे स्थान आहे. आसनासाठी शरीर मोडायचे नाही, आसनच शरीरापर्यंत आणायचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट आजार असलेल्यांचा स्वतंत्र विचार केला आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल असे प्रमाण त्यांनी दिले. पण ते न साधल्यास थोडी हालचालही अजिबात नसण्याहून बरी, असेही नमूद केले.

माझ्यासारख्या मधुमेही साधर्मिकांसाठी दोन शब्द. चौविहार वा उपवास असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी लांब फिरायला जाऊ नये. साखर तपासावी, औषधाच्या वेळा व मात्रा डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्याव्यात. दुसरे म्हणजे, तळपाय बधिर झालेल्यांनी तापल्या फरशीवरून अनवाणी दर्शनास जाणे टाळावे. वैशाखात आपल्या परभणीत पारा ४२-४३ च्या पुढे जातो. फोड येतो तो रात्री मोजे काढताना कळतो. ऊन चढण्यापूर्वीच दर्शन उरकावे.

गेल्या कार्तिकात आम्ही जिंतूरजवळच्या नेमगिरीला गेलो होतो. तेथील गुंफांची दारे ठेंगणी. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. गेली काही वर्षे सौ. बाहेरच थांबे. या वेळी तिने दाराच्या दगडाला हात लावला, गुडघ्यांत वाकली व आत गेली. मी मागे हात पुढे करून उभा होतो. तिने तो घेतला नाही. दोन गुंफा झाल्यावर मात्र ती म्हणाली, "आजची उचल संपली," आणि पायरीवर बसली. उरलेल्या गुंफा मी एकट्याने पाहिल्या. परत आलो तेव्हा ती तिथे बसल्या बसल्या, मुठी उघडझाप करीत होती.