गणित सोडण्याआधी

दहावीचा निकाल लागला की मोहने-आंबिवली भागातल्या घरांतून एक वाक्य आमच्या कानी येते : “सायन्स घेऊ, पण गणित नको.” मुलीच्या बाबतीत तर ते पुष्कळदा मोठी माणसेच बोलतात.

अकरावीला गणित सोडता येते, हे खरे. पण बारावीला गणित नसेल, तर एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटातून इंजिनिअरिंगला जाण्याचा नेहमीचा रस्ता बंद होतो. डॉक्टरकीचा विचार असला तरी जीवशास्त्रासोबत गणित ठेवता येते. मग दोन्ही दारे उघडी राहतात. एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला. दारातला रोजगार गेल्यावर आपल्या मुलांची शिदोरी शिक्षणाचीच आहे.

विज्ञानाला गणित कशाला, असे मुले विचारतात. मोहन्याला उल्हास नदीचे पाणी पंपाने उचलले जाते, तेच पाहा. पाइपचा व्यास दुप्पट केला, तर त्याचे तोंड चौपट मोठे होते. दर सेकंदाला १००० लिटर पाणी १० मीटर वर चढवायचे, तर घर्षण सोडूनही सुमारे ९८ किलोवॅट शक्ती लागते. हा हिशेब येत नसेल, तर पंप निवडायचा कसा? सूत्र पाठ करून परीक्षा निघेल, पण काम निघणार नाही.

हा विषय आपल्याला परका नाही. बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी इ.स. ८२० च्या सुमारास ‘अल-जब्र’वर ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग विरासतीच्या हिशेबांचा आहे. बीजगणिताला जगभर ‘अल्जिब्रा’ म्हणतात ते त्यावरूनच.

भीती वाटत असेल, तर मूल कुठे अडते ते शोधा. बहुधा गाडी अपूर्णांक, ऋण संख्या किंवा साध्या समीकरणांपाशी थांबलेली असते. रोज अर्धा तास तेवढेच करून घ्या. सूत्र आधी स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, मग आकडे घालू द्या.

सुरुवातीला घरातलेच एक उदाहरण द्या. मय्यतच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी एवढेच वारस आहेत. कर्ज आणि वसीयत फेडल्यावर पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. चोवीस वाटे केले, तर पत्नीला ३, मुलाला १४, मुलीला ७. हे उत्तर कसे आले, ते मुलीलाच कागदावर मांडू द्या. तिला ते जमले, तर अकरावीचा फॉर्म भरताना गणितावर काट मारू नका.