फेसबुक असताना स्वतःचा ब्लॉग कशाला? टाइपपॅड बंद झाल्यावर पुन्हा पुढे आलेला प्रश्न

२७ ऑगस्ट २०२५ रोजी टाइपपॅड या ब्लॉगिंग सेवेने आपल्या ग्राहकांना कळवलं की ३० सप्टेंबरनंतर सेवा बंद होणार. त्यानंतर खातं उघडणार नाही, ब्लॉग दिसणार नाही, त्यावरचे फोटोही मिळणार नाहीत. २००३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर काही जण वीस-वीस वर्षं लिहीत होते. एवढं सगळं सामान हलवायला त्यांना जेमतेम महिना मिळाला.

ज्यांनी सूचना वेळेत पाहिली, त्यांनी मजकुराची फाइल उतरवून घेतली. पण त्यांच्यातही दोन गट पडले. ज्यांच्या ब्लॉगच्या पत्त्यात टाइपपॅडचं नाव होतं, त्यांचा मजकूर वाचला, पण पत्ता गेला. इतरांनी त्यांच्या लेखांना दिलेल्या लिंक एका रात्रीत निकामी झाल्या. ज्यांनी आधीच स्वतःचं डोमेन घेऊन ते टाइपपॅडला जोडलं होतं, त्यांना मात्र मजकूर दुसऱ्या सेवेवर नेऊन तोच पत्ता तिकडे वळवण्याची सोय होती. जुनी पानं जुन्याच नावाने मांडली, तर वाचकाला जागा बदलल्याचं कळतही नाही.

फेसबुक, इन्स्टाग्राम फुकट हाताशी असताना काही लोक स्वतःचा ब्लॉग डिझाइन करतात, त्याचा कोड लिहितात, तो वर्षानुवर्षं सांभाळतात. हा उद्योग कशासाठी, याचं उत्तर या दोन गटांमधल्या फरकात आहे.

हे पहिल्यांदा घडलंय का?

नाही. १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज ही सेवा साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतली. असंख्य लोकांनी आयुष्यातलं पहिलं वेबपेज तिथेच बनवलं होतं. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, याहूने ती बंद केली. भारतातल्या कॉलेजच्या पोरांचं लाडकं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला संपलं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. त्याच वर्षी मायस्पेसवरून सर्व्हर हलवताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी गेल्याचं उघड झालं. 'देशी ट्विटर' म्हणून गाजलेलं आणि मराठीतही चालणारं कू जुलै २०२४ मध्ये थांबलं.

प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

आणि सेवा बंद व्हायलाच हवी असंही नाही. सहा वर्षांपूर्वी फेसबुकवर लिहिलेली स्वतःचीच एखादी चांगली पोस्ट आज शोधून पाहा. ती आहे, पण सापडत नाही. सोशल मीडियाची रचना आजचं दाखवण्यासाठी केलेली असते, कालचं जपण्यासाठी नाही.

मग 'स्वतःचा' ब्लॉग म्हणजे नेमकं काय?

कुठल्याही ब्लॉगचे तीन भाग असतात. पहिला पत्ता, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे ज्या सर्व्हरवर पानं ठेवली आहेत ते होस्टिंग. तिसरा मजकूर, म्हणजे लेख आणि फोटोंच्या फाइल.

फेसबुकवर हे तिन्ही कंपनीच्या हातात असतात. ब्लॉगस्पॉटवर मजकूर उतरवून घेता येतो, पण फुकटच्या पत्त्याचं शेपूट गूगलचंच. २००५ नंतर मराठीत ब्लॉगची जी लाट आली, ती बहुतेक अशाच फुकटच्या पत्त्यांवर उभी राहिली. स्वतःच्या ब्लॉगमध्ये पत्ता तुमच्या नावावर असतो आणि मजकुराची मूळ प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर. मधली जागा भाड्याची असली तरी बिघडत नाही, कारण घरमालक बदलता येतो.

कोडिंग किती यावं लागतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. वेबपान म्हणजे एचटीएमएलची साधी फाइल. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही लिंक, एवढं ती ब्राउझरला सांगते. रंग, अक्षरांचा आकार, समास हे सीएसएसचं काम. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या सुमारास सर्न या संस्थेत बनवलेल्या पहिल्या वेबसाइटची प्रत आजच्या मोबाइलवरही उघडते. साधेपणा टिकतो, तो असा.

छंद म्हणून ब्लॉग बांधणाऱ्यांपुढे दोन मुख्य रस्ते असतात.

पहिला वर्डप्रेसचा. २००३ मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. लेख डेटाबेसमध्ये राहतात आणि वाचक आला की पान तयार होतं. लिहायला सोपं, पण यंत्रणा सतत चालू, म्हणून अपडेटही सतत.

दुसरा स्टॅटिक साइटचा. जेकिल (२००८), ह्युगो (२०१३) यांसारखी साधनं साध्या टेक्स्ट फाइलमधून सगळी पानं आधीच बनवून ठेवतात. सर्व्हरचं काम फक्त फाइल पाठवण्याचं. डेटाबेस नाही, म्हणून त्यातून घुसखोरी होण्याची भीती नाही. सुरुवातीला शिकायला एक-दोन रविवार जातात. पण लेख साध्या फाइलमध्ये असल्याने उद्या साधन बदललं तरी मजकूर अडकत नाही.

मराठी ब्लॉगसाठी वेगळं काय?

इथे इंग्रजीसाठी बनवलेलं तयार डिझाइन जसंच्या तसं चालत नाही.

देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. म्हणून ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवावी लागते. इंग्रजी शीर्षकात अक्षरं सुटी केली की ती छान दिसतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते.

आणखी एक बारीक गोष्ट. पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवता येते. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची आणि हिंदी वळणाची अशी दोन्ही रूपं असतात. भाषेची नोंद असेल तरच ब्राउझर मराठी रूप निवडतो. फॉन्टही आता मोफत मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' त्यांपैकीच एक.

पंचवीस वर्षांपूर्वी हे सुख नव्हतं. तेव्हाच्या अनेक मराठी साइट स्वतःच्या खास फॉन्टवर चालत. तो फॉन्ट नसला की पानावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. युनिकोडमध्ये नसलेला तो मजकूर फाइल शाबूत असली तरी आज तसाच्या तसा वाचता येत नाही. प्रत जपायची तर ती वाचता येईल अशा रूपात जपायला हवी, हा त्याचा धडा.

डोमेनसुद्धा देवनागरीत घेता येतं. '.भारत' ही सोय ऑगस्ट २०१४ पासून आहे.

खर्च किती?

डॉट कॉम डोमेनला वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये पडतात. पहिल्या वर्षी सवलत मोठी असते, म्हणून नूतनीकरणाचा भाव आधी पाहावा. स्टॅटिक ब्लॉग ठेवायला गिटहब पेजेससारख्या सेवा एक जीबीपर्यंत जागा फुकट देतात. हजार शब्दांचा मराठी लेख साधारण वीस किलोबाइटचा, म्हणजे एका जीबीत हजारो लेख मावतात. जागा खातात ते फोटो. मोबाइलवरचा एक मूळ फोटो शंभरहून जास्त लेखांइतका जड असू शकतो. तो लहान करून टाकणं ही या छंदातली पहिली शिस्त.

मग अडचण कुठे आहे?

देखभालीत. ब्लॉग बांधणं हा दोन रविवारचा खेळ, सांभाळणं हे दहा वर्षांचं काम.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. तो भाडेपट्टा असतो, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. नूतनीकरणाची आठवण जुन्या, बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिली, तर एक दिवस मुदत संपते. नंतर काही आठवडे ते जादा पैसे भरून सोडवता येतं. तेही हुकलं की नाव कुणीही घेऊ शकतो. बंद पडलेल्या चांगल्या ब्लॉगच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसतात, त्या अशा.

वर्डप्रेस असेल तर अपडेट टाळता येत नाहीत आणि प्रतिक्रियांमध्ये कचरा साठत राहतो. कुठलंही साधन असलं तरी लिंक तुटत राहतात. आणि एक सापळा खास हौशी कोडरचा. पहिली पोस्ट 'नवा ब्लॉग असा बनवला', वर्षभर शांतता, मग दुसरी पोस्ट 'ब्लॉग नव्या साधनावर हलवला'. डिझाइनची मजा खरी असते, पण त्या मजेत लिहिणं राहून जातं.

सगळ्यात अवघड प्रश्न माणसाच्या पश्चात येतो. फेसबुकचं खातं मृत्यूनंतरही स्मृतिरूपाने राहू शकतं. स्वतःच्या डोमेनचे पैसे मात्र कुणीतरी भरावे लागतात. घरातल्या एकाला तरी खात्याची माहिती आणि मजकुराची प्रत दिली नसेल, तर स्वतःचं घर भाड्याच्या घराआधी पडतं.

वाचक कुठून येणार?

हा सोशल मीडियाचा खरा फायदा आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं आणि ब्लॉग एकत्र वाचण्याची अनेकांची सवय मोडली. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक आजही दाबता येत नाही. आता गूगल शोधात एआयने बनवलेलं उत्तर सर्वांत वर दिसतं, त्यामुळे मूळ पानावर जाण्याची गरज अनेकांना वाटत नाही.

पण आरएसएस हे तंत्र मेलेलं नाही. पॉडकास्टचे नवे भाग ॲपपर्यंत पोचतात ते त्यावरच. ब्लॉगला ते जोडलं की कुणाच्याही अल्गोरिदमशिवाय लेख वाचकापर्यंत जातो. शिवाय दोन्हीकडे लिहायला कुणाची मनाई नाही. इंडीवेब या चळवळीतले लोक सांगतात की आधी आपल्या ब्लॉगवर लिहा, मग त्याची प्रत किंवा लिंक सोशल मीडियावर टाका. गर्दी तिकडची, मूळ प्रत इकडची.

सगळ्यांनी ब्लॉग काढावा का?

तशी गरज नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मॅचवरची मतं हरवली तरी चालतं. पण आजीच्या पाककृती, गडांच्या वाटांची टिपणं, गावाच्या जुन्या आठवणी असं काही तुम्ही फक्त फेसबुकवर लिहीत असाल, तर फेसबुकच्या सेटिंगमधून आपली सगळी माहिती उतरवून घेण्याची सोय आजच वापरून पाहा. ती फाइल उघडा आणि आपलं लिखाण त्यात वाचता येतंय का ते तपासा. प्रत हातात आली की पत्त्याचा विचार सावकाश करता येतो. टाइपपॅडवर प्रत काढायला महिन्याची तरी मुदत मिळाली होती.