आधी बोर्ड वाचा, मग चिप विका

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून जुना डेस्कटॉप घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला आहे: प्रोसेसर बदलला तर अकरा चालेल का? भिलाईत पावर हाउसला जी. ई. रोडच्या कडेला किंवा जवाहर मार्केटात टेबल मांडून बसलेल्या आपल्या मंडळींना याचे उत्तर ठाऊक असते. ते दिले की गल्ल्यात काही पडत नाही, म्हणून टाळले जाते. तुरळक अपवाद वगळता विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि रायझनची २००० मालिका, इथून पुढचेच प्रोसेसर आहेत. एच६१ किंवा एच८१ बोर्डावर कितीही भारी चिप चढवा, ते यंत्र या यादीत जाणार नाही. कोर टूच्या यंत्रांचा विषय तर संपलाच. २४एच२ या आवृत्तीला पॉपकाउंट नावाची आज्ञा प्रोसेसरमध्येच लागते. कोर टू क्वाडमध्ये ती नाही, त्यामुळे विंडोज उघडतसुद्धा नाही.

अकराचे आमिष दाखवून जुनी चिप विकणे ही फसवणूक आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. पण म्हणून प्रोसेसर बदलूच नये, असे नाही.

एच६१ चे उदाहरण घेऊ. २०११ सालचा हा चिपसेट आजही दुरुस्तीच्या टेबलावर येतो. त्यावर बहुधा आय-थ्री २१२० असतो: दोन कोअर, चार थ्रेड, ६५ वॅट. त्याच्या जागी आय-फाइव्ह ३४७० बसतो: चार कोअर, ७७ वॅट. बारा वॅट वाढवून कोअर दुप्पट होतात. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्या स्टुडिओला किंवा एकाच वेळी दहा-बारा टॅब उघडून बसणाऱ्या चॉइस सेंटरला हा फरक जाणवतो. औद्योगिक क्षेत्रातल्या छोट्या वर्कशॉपात ऑटोकॅडवर सपाट ड्रॉइंग काढणाऱ्याला मात्र जवळजवळ जाणवत नाही, कारण ते काम मुख्यतः एकाच कोअरवर चालते आणि दोन्ही चिपांचा वेग उन्नीस-बीस आहे. त्याची खरी अडचण बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क हीच असते. टास्क मॅनेजर उघडून त्याचेच काम त्याच्यासमोर पाच मिनिटे चालवा. डिस्क शंभर टक्के दिसली तर एसएसडी, मेमरी भरलेली दिसली तर रॅमची दुसरी काडी. दोन्ही निवांत असून प्रोसेसर शंभरला टेकला, तरच चिपचे बोला.

आता बोर्ड. एच६१ वर तिसरी पिढी चालते, पण बायोस नवे असेल तर. ते जुनी चिप जागेवर असतानाच करायचे; आधी नवी बसवली तर पडदा काळाच राहतो. कचेऱ्यांच्या लिलावात निघालेली ब्रँडेड यंत्रे यापेक्षा फसवी. ऑप्टिप्लेक्स ७९० सारख्यांत क्यू६५ चिपसेट असतो. सॉकेट तेच ११५५, पण त्याला तिसरी पिढी मान्य नाही. ११५१ चीही तीच गत: पिना तितक्याच, तरी सहावी-सातवी पिढी एका बोर्डावर आणि आठवी-नववी दुसऱ्यावर. झिऑनचा मोह सर्वांना होतो. ई३-१२३० व्ही२ मध्ये ग्राफिक्स नाही, हे ग्राफिक कार्ड नसलेल्या गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळता कामा नये. नेहरू प्लेसहून मागवलेल्या चिपवरचा कोड भिंग लावून वाचा. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असे कोरलेले असेल तर ती चाचणीची चिप आहे, विक्रीची नव्हे.

उष्णतेबद्दल आपल्या भागात जास्तच बोलायला हवे. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच तापते. जानेवारीत भिलाईत ६८ अंशांवर पास झालेले यंत्र मे महिन्यात ९०च्या घरात जाते, आणि शंभरच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे पैसे दिले नव्या चिपचे आणि चालतेय जुन्याच गतीने. त्यातून तिसऱ्या पिढीच्या झाकणाखाली सोल्डर नसून पेस्ट आहे, आणि स्वस्त एच६१ बोर्डांच्या मॉस्फेटवर हीटसिंकही नसतो. म्हणून ९५ वॅटचा आय-सेव्हन २६०० अशा बोर्डावर, अशा उन्हाळ्यात, आम्ही तरी सुचवणार नाही. चाचणी करताना कॅबिनेटचे झाकण लावूनच करा. उघड्या टेबलावर सगळेच पास होते!

ज्याच्याकडे एएम४ बोर्ड आहे त्याचे नशीब खरे. २०१७ च्या साध्या ए३२० वरही, कंपनीने बायोस दिले असेल तर, रायझन ५६०० बसतो आणि तो अकराच्या यादीतही आहे. इथे प्रोसेसरवर घातलेला पैसा खऱ्या अर्थाने वर्षे वाढवतो.

बाकीच्यांना आयुष्याची मर्यादा सांगूनच विका. १९५९ साली पहिली भट्टी पेटलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी काढलेल्या माणसाला कॅपिटल रिपेअर म्हणजे काय हे समजावावे लागत नाही: भट्टी तीच राहते, पुढचा काही काळ मिळतो. बिलावर जुन्या-नव्या चिपचे नाव, बायोसची आवृत्ती, झाकण लावून मोजलेले तापमान आणि ‘विंडोज ११ ला अधिकृत पात्र नाही’ हे वाक्य लिहा. टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची तेही लिहा. भांडण झाले तर हाच कागद दुकानदाराच्या कामी येईल.

एक अडचण मात्र एकेकट्याने सुटणारी नाही. इंटेलने डेस्कटॉप बोर्डांतून माघार २०१३ मध्येच जाहीर केली आणि जुन्या बोर्डांच्या बायोस फायली २०१९ च्या अखेरीस आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकल्या. आता त्या कुठल्याही अनोळखी साइटवरून उतरवून गिऱ्हाइकाच्या बोर्डात भरणे धोक्याचे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या पेनड्राइव्हमध्ये मूळ फायली पडून असतील. बोर्डाचे नाव, रिव्हिजन आणि आवृत्ती एवढे आम्हाला कळवा. कोणाकडे काय आहे याची यादी पुढच्या अंकापासून छापू.